आधी मळ, मग सोनं

आपा हस्तलिखिताला हातमोजे घालून कधीही हात लावत नसत. रियाधच्या ओलाया भागातल्या एका मनोऱ्याच्या तळघरात आमची संवर्धन प्रयोगशाळा होती आणि तिथे येणारा प्रत्येक पाहुणा पांढऱ्या हातमोज्यांची अपेक्षा मनात धरूनच येई. आपा बेसिनपाशी उभ्या राहून कोपरापर्यंत हात धूत, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करत आणि उघड्या हातांनी कित्येक शतकांपूर्वीचे पान उलटत. त्यामागचे कारण शुद्ध शास्त्रीय होते. मोज्यातल्या बोटाला पानाची कड कळत नाही आणि कड न कळणारे बोट पान फाडते. एकदा संस्थेच्या माहितीपत्रकासाठी आलेला छायाचित्रकार मोज्यांसाठी हटूनच बसला. आपांनी निमूटपणे मोजे चढवले, पुस्तक दूर सरकवले, रिकाम्या मेजावर दोन्ही हात पसरले आणि त्याला हिंदीत म्हणाल्या, "लो, खींचो. दस्तानों की ही तस्वीर चाहिए ना?"

त्या रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावच्या. पुण्यात रसायनशास्त्र शिकल्या, पुढे परदेशात पुस्तकांच्या जतनाचे शिक्षण घेतले आणि नंतर बरीच वर्षे रियाधमध्येच काढली. 'आपा' म्हणजे थोरली बहीण. घरात धाकटा भाऊ इक्बाल त्यांना तसे म्हणे. त्याचे फोन ऐकून प्रयोगशाळेतला पाकिस्तानी बांधणीकार तसे म्हणू लागला, आणि मग इजिप्शियन, फिलिपिनो, सगळेच. मी साताऱ्याची, रंगद्रव्यांच्या विश्लेषणात डॉक्टरेट केलेली. दोन वर्षे इथे काम करायचे, एक चांगला शोधनिबंध प्रसिद्ध करायचा आणि त्याच्या बळावर युरोपातले विद्यापीठ गाठायचे, असा माझा स्वच्छ बेत होता. पहिल्याच दिवशी मी तो आपांना सांगून टाकला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "बरं झालं. इतके दिवस इथे सगळं अंदाजावर चाललं होतं. आता शास्त्रीण आली." त्यानंतर मी कायमची 'शास्त्रीण' झाले.

कोणतेही हस्तलिखित हाती आले की आपा आधी पानाचा खालचा कोपरा पाहत. आम्ही बाकीचे सोन्याच्या वर्खाकडे, निळ्या रंगाकडे, वेलबुट्टीकडे धावायचो. आपा भिंग घेऊन तिथे वाकायच्या, जिथे वाचणाऱ्याचा अंगठा टेकतो. "आधी मळ, मग सोनं," असे त्यांचे ठरलेले वाक्य होते. सोने चित्रकाराने लावले, त्याला त्याचे दाम मिळाले. मळ मात्र ज्याने ते पुस्तक रोज उघडले त्याचा आहे, आणि त्याच्याविषयी सांगणारे दुसरे काहीच उरलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पटण्याआधी उपयुक्त वाटला. जे दिसते ते मोजता येते, आणि जे मोजता येते त्यावर निबंध लिहिता येतो.

संधी लवकरच चालून आली. संस्थेच्या मालकांनी लिलावात एक छोटे युरोपीय प्रार्थनापुस्तक घेतले होते. मध्ययुगाच्या अखेरचे, वासराच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्रावर लिहिलेले, तळहातात मावेल एवढे. निरनिराळ्या धर्मांतल्या प्रार्थनापुस्तकांचे एक प्रदर्शन ठरले होते आणि त्यात दुआंच्या सोनेरी हस्तलिखितांशेजारी ते मांडायचे होते. रियाधच्या कोरड्या हवेने त्याची पाने आक्रसली होती. ती ओलसर हवेत सैल करून, दाबाखाली सपाट करण्याचे काम आपांकडे आले, रंगांचे विश्लेषण माझ्याकडे.

अशी पुस्तके त्या काळी श्रीमंत घरांतल्या बायका कमरेला लटकवून हिंडत, असे आपांनी मला सांगितले. आरंभी दिनदर्शिका, मोठे सण लाल शाईने आणि साधे दिवस काळ्या. पुढे दिवसाच्या ठरलेल्या प्रहरी म्हणायच्या, येशूच्या आईला उद्देशून केलेल्या प्रार्थना. मग पश्चात्तापाची स्तोत्रे, मग एकेका संताची लहान प्रार्थना आणि शेवटी मेलेल्यांसाठीचा पाठ. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एक चित्र, सोनेरी पार्श्वभूमीवर. एका चित्रातल्या संताचा चेहरा पार पुसून गेला होता. मी नोंदीत लिहिले, 'रंगाची झीज, कारण अज्ञात.' आपांनी ते वाचले. "अज्ञात कसं? कुणीतरी रोज मुका घेतलाय त्याचा."

मी त्या पुस्तकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर मीटर लावायचे ठरवले. प्रकाश किती परततो ते मोजणारे हे लहानसे उपकरण असते. पान जितके मळलेले तितका प्रकाश कमी परततो. कोणत्या प्रार्थनेशी अंगठा सर्वांत जास्त वेळा टेकला, हे त्यावरून काढता येणार होते. मोजण्यापूर्वी आपांनी पैज लावली. "मेलेल्यांचा पाठ. माणूस सगळ्यात जास्त कोणासाठी मागतो? गेलेल्यांसाठी." मी मधल्या चित्राच्या पानावर बोट ठेवले. आम्ही दोघीही हरलो. सर्वांत काळवंडलेला कोपरा निघाला दातदुखीच्या संत बाईचा. चित्रात तिच्या हाती चिमटा आणि चिमट्यात दाढ. मेलेल्यांच्या पाठाची पहिली दोन पाने तेवढी मळलेली, पुढची जवळजवळ कोरी.

"म्हणजे दोन पानांत झोप लागायची तिला," आपा म्हणाल्या.

"तिला? बाईच कशावरून?"

"पुरुषाची दाढ दुखली असती तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. प्रार्थनेची वेळच आली नसती."

त्या दुपारी त्या जितक्या हसल्या तितक्या मी त्यांना पुन्हा कधी हसताना पाहिले नाही. हसू ओसरल्यावर त्यांनी मीटर हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि जे इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत कोणालाच सांगितले नव्हते ते मला सांगितले.

गावी त्यांच्या घरात दुआंचे एक हस्तलिखित होते. त्यांच्या पणजोबांनी हजला आले असताना जेद्द्यात विकत घेतलेले. हाताने लिहिलेले, प्रत्येक पानाला सोनेरी चौकट, आत मक्का आणि मदिना यांची दोन चित्रे. ते आईकडे आले आणि आई पहाटेच्या नमाजानंतर रोज त्यातून वाचत असे. तिला अरबी वाचता येई, कळत नसे. मात्र कोणती दुआ कशासाठी, हे समासात कोणीतरी आपल्या भाषेत लिहून ठेवले होते. प्रवासातल्या माणसासाठी, आजारी मुलासाठी, रोजीरोटीसाठी, मन घट्ट करण्यासाठी. वडील जहाजावर खलाशी, वर्षाचे दहा महिने बाहेर. आपा आणि इक्बाल यांच्या मधले एक मूल तापाने गेलेले. आपांना कॉलेजासाठी पुण्याला पाठवायला आईने आधी ठाम नकार दिला होता आणि नंतर एके सकाळी, काहीही कारण न सांगता, स्वतःच त्यांची ट्रंक भरायला घेतली होती.

"तिला विचारायचे मी, रोज एवढं काय मागतेस? म्हणायची, ज्याला सांगायचं त्याला सांगितलंय, तुला कशाला?" आपांनी मीटर खाली ठेवले. "आई गेली तेव्हा मी इथे होते. पोचेपर्यंत दफन झालेलं. आता ते कोपरे तेवढे राहिलेत. ते सांगतील, सगळ्यात जास्त कोणासाठी."

मी तत्काळ म्हणाले की पुढच्या सुट्टीत पुस्तक घेऊन या. एका दुपारचे काम आहे. आपांनी मान हलवली. प्रयोगशाळेच्या मेजावर घरचे काम चढत नाही, हा त्यांचा नियम होता. लोक त्यांच्याकडे पिशव्यांतून घरची पुस्तके घेऊन येत. त्या चहा पाजून त्यांना परत पाठवत. जो नियम इतरांना लावला तो स्वतःला लावायलाच हवा. निवृत्तीनंतर गावी खिडकीशी मेज मांडायचे आणि पहिले काम आईच्या पुस्तकाचे करायचे, असे त्यांनी कधीचेच ठरवून ठेवले होते.

"मग निदान इक्बालभाईंना सांगा, फोटो पाठवा म्हणून."

"अजिबात नाही. शास्त्रीणबाई, एक गोष्ट लिहून ठेव. वस्तू मौल्यवान आहे असं मालकाला कळलं की तो आधी ती पुसतो. आज इक्बालला फोटो मागितले तर उद्या तो ओलं फडकं घेऊन बसेल, वर प्लॅस्टिकचं कव्हर चढवील. त्याला वाटतं ते नुसतं जुनं पुस्तक आहे. तसंच वाटू दे. जुन्या वस्तूला कोणी हात लावत नाही."

हे अनुभवाचे बोल होते. फर्निचर पॉलिश फासलेली बांधणी आणि खोडरबरने घासलेले समास घेऊन येणारी घरे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली होती. त्यांच्या तर्कात मला तेव्हा एकही भोक सापडले नाही. आजही, मिळालेल्या माहितीपुरता, तो तर्क बरोबरच होता असे मी म्हणेन.

त्यानंतर मी त्यांच्या मागे लागले. दुरुस्ती तुम्ही निवृत्तीनंतर करा, पण मोजमाप आत्ता होऊ द्या. मेजावर नको, माझ्या फ्लॅटवर आणा, मीटर मी घरी आणते. त्या टाळत राहिल्या. "तुझ्या मीटरला घाई आहे. माझ्या आईला नाही." पण एका गुरुवारी, कपडे बदलून निघता निघता, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ईदला जातेय गावी. येताना आणते. तुझ्या फ्लॅटवर, हां. इथे नाही." तिकीट त्यांनी आधीच काढले होते.

दरम्यान मुदीरशी, म्हणजे आमच्या संचालकांशी, त्यांचे वाजले. प्रदर्शनातले युरोपीय पुस्तक स्वच्छ दिसावे, कोपऱ्यांवरचे काळे डाग काढून टाकावेत, असा मुदीरचा आग्रह होता. सौम्य, सुसंस्कृत माणूस. मालकांना काय दाखवायचे याची त्याला काळजी होती. आपांनी त्याच्यासमोर माझा आलेख ठेवला आणि डाग काढले तर हा आलेख पुन्हा कोणालाही काढता येणार नाही, एवढेच सांगितले. तो म्हणाला, लोक सोने बघायला येतात. आपा म्हणाल्या, सोने आहेच, मळाने ते झाकलेले नाही. अखेरीस त्याने हात झटकले. "खलास, आपा. तुमचंच खरं." डाग राहिले.

इक्बालभाईंचा फोन आला तो ईदच्या आदल्या आठवड्यात, कामाच्या वेळेत. आपांच्या दोन्ही हातांत ओलसर पान होते, म्हणून त्यांनी मला फोन स्पीकरवर लावायला सांगितला. इक्बालभाई खुशीत होते. घराला रंग लावून झाला होता, आपा येणार म्हणून.

"आणि आपा, अम्माचं ते दुआचं पुस्तक होतं ना, कपाटावरचं? रंगासाठी कपाट हलवलं तर बघतो काय, वाळवी. अर्धं खाल्लेलं. म्हटलं, अम्माचं पुस्तक असं पडून राहायला नको. मशिदीतल्या हाफिजसाहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं तसं पांढऱ्या कापडात बांधलं, आणि जुम्याच्या नमाजानंतर होडीतून खाडीत आत जाऊन थंड केलं. पोरं पण आली होती बरोबर. बरं केलं ना?"

'थंड करणे' मला ठाऊक नव्हते. आपांनी नंतर सांगितले. जीर्ण झालेले पवित्र पुस्तक केरात जात नाही. ते वाहत्या पाण्यात सोडतात किंवा स्वच्छ जागी पुरतात. त्याहून मोठा आदर पुस्तकाला देता येत नाही.

आपांनी हातातले पान आधी शोषक कागदावर उतरवले. चारही कोपरे सरळ केले. त्यावर दुसरा कागद ठेवला, काच ठेवली, वजन ठेवले. तेवढा वेळ इक्बालभाई पलीकडून "आपा? ऐकू येतंय ना?" असे विचारत होते.

"येतंय रे," आपा म्हणाल्या. "बरं केलंस. अम्माला आवडलं असतं."

फोन बंद झाल्यावर त्या बेसिनपाशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. मी काहीतरी बोलायला गेले. खरे तर वाळवीने खाल्लेल्या अर्ध्या पुस्तकावरही मोजमाप शक्य होते, हेच मी बोलणार होते. सुदैवाने त्यांनी मला थांबवले. "त्याला काही बोलायचं नाही. कधीच नाही. त्याने आदबीने केलंय." मग पंच्याला हात टिपत, नेहमीच्याच आवाजात: "मी त्याला सांगितलं असतं तर त्याने पुसलं असतं. पुसलेलं तरी हातात राहिलं असतं."

ईदला त्या गेल्या नाहीत. तिकीट रद्द केले, भावाला कामाचे कारण सांगितले. प्रदर्शन झाले. पुस्तक काचेखाली सोनेरी चित्राच्या पानाशी उघडून ठेवले होते. लोक थांबत, मोबाइल काढत आणि पुढे सरकत. कोपरा कोणी पाहिला असे मला दिसले नाही. माझा निबंध स्वीकारला गेला. आपांचे नाव त्यात सहलेखक म्हणून घालायला मी फार झगडले, पण त्यांनी आभारांच्या ओळीपुरतीच परवानगी दिली. पुढच्या वर्षी संस्थेने त्यांच्या इकाम्याचे, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याचे, नूतनीकरण केले नाही. नवीन धोरण, नवीन माणसे. पासपोर्टवर अंतिम परतीचा शिक्का बसला तेव्हा विमानतळावर मीच त्यांना सोडले. रस्ताभर त्या मला चर्मपत्राखाली किती ओल ठेवायची ते सांगत होत्या, जे मला पाठ होते.

"आता खिडकीशी मेज मांडणार ना?" मी विचारले.

"मांडते की. त्यावर मासे साफ करीन." मग म्हणाल्या, "यल्ला, गाडी हळू चालव. मला काही घाई नाही."

गावाहून त्यांचे फोन येत. एकदा म्हणाल्या, मुंबईहून दुआंचे पुस्तक मागवले, छापील, मोठ्या अक्षरांचे; आता पहाटे त्यातून वाचते. मी चेष्टेने विचारले की समासात काही लिहून ठेवले आहे का. "कोरं आहे गो, एकदम कोरं. कुठे मळतंय ते बघूया. मला स्वतःलाच माहीत नाही मी कशासाठी जास्त मागते. चार-पाच वर्षांनी ये तुझं मीटर घेऊन, सांग मला."

पुढच्या हिवाळ्याच्या आतच त्या गेल्या. हृदयविकार; सकाळी, अंगणात. मला ते इक्बालभाईंच्या संदेशावरून कळले. तेव्हा माझे युरोपातले नेमणूकपत्र आलेले होते आणि ज्या व्यक्तीला ते सर्वांत आधी कळवायचे होते तिला ते कळवायचे राहून गेले होते.

रियाध सोडून जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेले. सामानात मीटर होते. का घेतले होते, याचे तर्कसंगत उत्तर माझ्याजवळ नाही. घर खाडीला लागूनच होते. भिंतींचा रंग अजून नवा दिसत होता. इक्बालभाई आपांसारखेच चष्म्यावरून बघत. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुरमई वाढली, जेवेपर्यंत आपांच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या आणि मग स्वतःहूनच आपांचे ते छापील पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवले. "आपा म्हणायची, माझी शास्त्रीण येईल, तिला हे द्यायचं. ती मशीन लावून बघणार आहे. काय बघणार ते मात्र सांगितलं नाही तिने."

मी हात धुतले, कोपरापर्यंत, आणि बेचक्या कोरड्या केल्या. खिडकीशी मेज होते. उजेड चांगला होता. प्रत्येक कोपऱ्यावर मीटर लावत मी आरंभापासून अखेरपर्यंत गेले: प्रवासी माणसाची दुआ, आजाऱ्याची, रोजीरोटीची, गेलेल्यांची. आकडे जवळजवळ सारखेच येत होते. जो काही फरक होता तो उपकरणाच्या त्रुटीच्या मर्यादेत बसणारा होता. कागद मळायला वर्षे लागतात. आपांना काही महिनेच मिळाले होते. शिवाय त्यांचे हात फार स्वच्छ असत. शास्त्राच्या भाषेत याला निष्कर्ष निघाला नाही असे म्हणतात.

इक्बालभाई दारात उभे होते. "ताई, काय निघालं?"

"सगळी पानं सारखीच आहेत," मी म्हणाले.

त्यांनी पुस्तकाकडे पाहिले. चेहरा हळूहळू निवळला. "म्हणजे सगळ्यांसाठीच मागायची. सारखंच. आपा तशीच होती."

मी मीटर बंद केले आणि ते म्हणाले ते तसेच राहू दिले.